चित्र मुकें, तोंड कोणाचें?

कांहीं महिन्यांपूर्वीं पुण्यास छायाचित्रांचें एक प्रदर्शन भरलें होतें. तें पाहण्याचा योग आम्हांस आला. पांढऱ्या भिंती, मंद दिवे आणि कुजबुजीपलीकडे आवाज नाहीं. एवढें सोवळें आतां देवळांतही कोणी पाळीत नाहीं. एका भिंतीवर एका म्हातारीचा हातभर उंचीचा फोटो टांगलेला होता. डोक्यावर गवताचा भारा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचें जाळें, पाठीमागें मुळशीच्या धरणाचें पाणी चकाकत आहे. आणि खालीं एकच शब्द, ‘मौन’. शेजारीं किंमतीची चिठ्ठी. पांढरपेशी मंडळी समोर उभी राहत, मान तिरपी करीत, ‘काय बोलकें चित्र आहे!’ असें म्हणत आणि पुढच्या चित्राकडे सरकत. चित्राचें नांव मौन, आणि तें म्हणे बोलकें!

आतां खरी हकीकत ऐका. ती म्हातारी आमच्या शेजारच्या वाडीची आहे आणि तिच्या तोंडीं लागण्याची वाडींत कोणाची छाती नाहीं. तलाठी, ग्रामसेवक, सून, जांवई आणि खुद्द ग्रामदैवत यांपैकीं कोणाचाही मुलाहिजा तिनें आजवर राखलेला नाहीं. परत आल्यावर आम्हीं तिला तो सारा प्रकार सांगितला. ती म्हणाली, “गुरुजी, डोईवर भारा असला म्हंजी मानूस बोलतंय व्हय? त्यानं भारा उतरून घ्यायचा, मग इचारायचं.” थोड्या वेळानें पुन्हां म्हणाली, “आन् मागं तळं न्हाई ते. आमची खाचरं हायेत ती.”

तिचें नांव आम्ही येथें छापीत नाहीं, कारण छापूं का असें तिला अजून विचारलेलें नाहीं. हा साधा शिष्टाचार आम्हां खेडवळांस जमतो, तर तो हजारों रुपयांचा कॅमेरा गळ्यांत बांधणारांस जमूं नये इतका अवघड आहे काय?

कलेच्या प्रांतांतले पंडित सांगत असतात कीं, चांगलें चित्र स्वतःच आपली गोष्ट सांगतें, त्यास शब्दांचा टेकू लागत नाहीं. हें तत्त्व ऐकावयास गोड आहे, पण तें साफ खोटें आहे. गोष्ट म्हणजे काय? आधीं काय होतें, मग काय झालें, कां झालें, कोणाचें गेलें आणि कोणाच्या पदरांत पडलें. फोटोंत यांतलें कांहींच मावत नाहीं. फोटोंत एक क्षण मावतो. आधींचें आणि नंतरचें पाहणारा आपल्या पदरचें घालतो, किंवा खालीं ओळ लिहिणारा त्याच्या तोंडांत कोंबतो. पहिलीच्या वर्गांत चित्रवाचनाचा पाठ घेणाऱ्या कोणत्याही मास्तरास हें ठाऊक आहे. एकाच तक्त्यावर बोट ठेवून दहा पोरें दहा गोष्टी सांगतात. आणि ज्याच्या घरीं बैल आहे त्याची गोष्ट, ज्यानें बैल चित्रांतच पाहिला त्याच्या गोष्टीहून वेगळी असते. आम्हीं एकदां चौथीच्या वर्गांत मुळशीच्या पाण्याचें एक कॅलेंडरावरचें चित्र टांगलें व त्यांत काय काय दिसतें तें विचारलें. बदलीवर आलेल्या नोकरदारांचीं मुलें म्हणालीं, तळें, ढग, होडी. काठावरच्या वाडीचा एक मुलगा म्हणाला, “आमचं जुनं गाव.” चित्रांत गांव नव्हतें. पण चूक कोणाची म्हणावयाची?

आमच्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या पूर्वजांस हें मर्म पुरतें कळलेलें होतें. सिंधुदुर्गांत कुडाळाजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर लोक चित्रकथी करतात. रंगविलेल्या चित्रांची पोथी पुढें घ्यावयाची, एक एक पान उभें धरावयाचें, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीवर रामायण-महाभारतांतला प्रसंग गाऊन-बोलून सांगावयाचा, आणि मग पान उलटावयाचें. या कलेबद्दल परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. जें ठाकर जातीनें पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठीं केलें त्याचा मान दिल्लीनें एवढ्या उशिरां केला, तो भाग निराळा. आमचें सांगणें इतकेंच कीं, चित्रकथ्यानें चित्राला कधीं एकटें सोडलें नाहीं. चित्र आणि जीभ हीं दोन्ही एकाच मांडीवर असत. चित्र मुकें आहे आणि बोलतों तो आपण, हें त्यानें लपविलें नाहीं. आणि ऐकणारास तें न पटलें तर तो तेथल्या तेथें त्यास टोकूं शकत असे. प्रदर्शनाच्या भिंतीला कोणी टोकावें?

तेव्हां प्रश्न चित्र सुंदर कीं कुरूप हा नाहीं. त्याच्याजवळ उभें राहून बोलणारें तोंड कोणाचें, हा आहे. मुळशींत तें तोंड आजवर बाहेरच्याचेंच राहिलें आहे.

पुण्याहून पौडावरून ताम्हिणीकडे निघा. रस्त्याच्या कडेला घरबांधणीच्या व रिसॉर्टांच्या मोठमोठ्या पाट्या लागतात. चित्र ठरलेलें असतें. निळें पाणी, हिरवे डोंगर, मावळता सूर्य आणि काठावर दोन रिकाम्या खुर्च्या. या दोन खुर्च्यांनीं काय गोष्ट सांगितली तें नीट पाहा. येथें कोणी नव्हतें, कोणी नाहीं, जागा मोकळी आहे, येऊन बसा, अशी ती गोष्ट आहे. एकही खोटें अक्षर न छापतां एवढें मोठें असत्य सांगण्याची करामत आमच्या जुन्या कुळकर्ण्यांच्या दप्तरालाही साधली नसती! त्यांना निदान कागदावर खाडाखोड तरी करावी लागत असे.

आणि मोकळी जागा म्हणतात ती कशी मोकळी झाली? मुळा व निळा या नद्यांच्या खोऱ्यांत टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळे सत्याग्रहास बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बायाबापड्या उन्हांत बसल्या, माणसें तुरुंगांत गेलीं, आणि तरी खोऱ्यांतलीं गांवें पाण्याखालीं गेलींच; तीं बावन्न म्हणून सांगितलीं जातात. हें पाणी सह्याद्रि पोखरून पलीकडे भिऱ्याच्या वीजघरांत सोडलें जातें. वीज मुंबईच्या वाटेनें गेली आणि अंधार मावळांत राहिला. पुढें पुष्कळ वर्षांनीं खांब आले तेव्हां आम्हांस आमच्याच पाण्याचा दिवा दिसला.

या लढ्याचें पुढारपण सेनापति बापटांनीं केलें. ‘सेनापति’ हें नांव त्यांस याच लढ्यानें दिलें. १९२४ सालीं कंपनीची आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या त्यागाबद्दल आमच्या मनांत तिळभर शंका नाहीं, आणि जो माणूस गरिबासाठीं तुरुंगांत जातो त्याची जात विचारण्याची आम्हांस गरज वाटत नाहीं. परंतु शाळेंत मुळशी सत्याग्रहाचा विषय निघाला म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें, तें सेनापतींचें. मावळ्याचा चेहरा त्यांना दिसत नाहीं; आणि त्या काळच्या सावकाराचाही दिसत नाहीं. हें दुसरें ज्यास्त सोयीचें आहे! कारण बुडणाऱ्या जमिनींपैकीं पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती, कसणारा मावळा आणि कागदावर नांव पेठेंतल्याचें. भरपाईचे आंकडे पुढें येतांच या मंडळींची देशभक्ति पातळ झाली. पैसा जमिनीच्या कागदाबरोबर पेठेंत गेला आणि बी-बियाणें, गुरें, देव घेऊन मावळा डोंगराच्या उतारावर चढला. ही गोष्ट कोणत्या कॅलेंडरावर छापलेली आहे?

उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे जुन्या बांधकामांचे दगड वर येतात. तेव्हां कॅमेरेवाल्यांची जत्रा लोटते. पडकें देऊळ, भेगाळलेली माती, वर एखादा बगळा; झालें, चित्र तयार! खालीं ‘काळाचा महिमा’ किंवा असेंच कांहीं. अहो, काळानें बुडविलें काय? काळानें भूसंपादनाची नोटीस काढली होती काय? बुडविणाराला नांव होतें, ठराव होता, तारीख होती. तें सर्व पुसून जेव्हां त्याला ‘काळ’ म्हणतात, तेव्हां चित्र नुसतें मुकें राहत नाहीं, तें खोटी साक्ष देतें.

कोणी म्हणेल, ही तुमच्या मावळची रड आहे, कलेचा येथें संबंध काय? तर साता समुद्रांपलीकडचें उदाहरण घ्या. १९३६ च्या मार्चांत अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतल्या निपोमो येथें, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या बाईंनीं सरकारी खात्याकरितां एका मजूर आईचा फोटो काढला. गालावर हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपविलेलीं पोरें. सबंध जगांत हा फोटो गाजला. लँग बाई मनानें गरिबांच्याच बाजूच्या होत्या. फोटो छापून आल्यावर त्या तळावर धान्यही पाठविण्यांत आलें. पण तें पोंचेपर्यंत ती आई पोरें घेऊन कामाच्या शोधांत पुढें निघून गेली होती! तिचें नांव कोणीं विचारलेंच नव्हतें. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती ‘स्थलांतरित आई’ म्हणूनच राहिली. १९७८ सालीं ती सांपडली तेव्हां कळलें कीं, नांव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, आणि वंश चेरोकी, म्हणजे ज्यांची जमीन गोऱ्यांनीं आधींच घेतली होती त्यांतला. मोटारीचे टायर विकून तिनें अन्न आणलें, असें लँग बाईंनीं लिहून ठेवलें होतें. तसें घडलेंच नव्हतें, असें तिच्या घरच्यांनीं सांगितलें. आणि त्या फोटोचा एक पैसाही आपल्या हातीं आला नाहीं, हें तिचें गाऱ्हाणें शेवटपर्यंत राहिलें. चांगल्या मनाच्या बाईच्या हातून, जगप्रसिद्ध चित्रांत, हें झालें. मग आमच्या म्हातारीच्या ‘मौना’चें काय घेऊन बसलांत!

नांव न विचारण्याची ही खोड जुनी आहे. १८५७ च्या बंडानंतर इंग्रज सरकारनें १८६८ ते १८७५ या वर्षांत ‘दि पीपल ऑफ इंडिया’ नांवाचे आठ खंड काढले. चारशेंहून अधिक फोटो; आणि खालीं बहुतेक ठिकाणीं माणसाचें नांव नव्हे तर जात, टोळी, धंदा आणि त्या जातीच्या स्वभावाबद्दल साहेबाचा शेरा. ही जात प्रामाणिक, ती जात लुच्ची! मनूनें जें श्लोकांत केलें तें साहेबानें कांचेच्या प्लेटवर केलें. त्या पुस्तकांतला ‘कुणबी’ आणि आजच्या प्रदर्शनांतली ‘मौन’ यांच्यांत फरक एवढाच कीं, पहिल्यास निदान जात तरी दिली होती.

आमचें म्हणणें चित्रें वाईट असें मुळींच नाहीं. आमच्या मुळशीच्या पलीकडच्या मावळांत, मळवली येथें, राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ सालीं तो मुंबईस निघाला आणि पुढें मळवलीस आला. तेथून निघालेल्या रंगीत तसबिरी झोंपडीझोंपडींतून गेल्या. ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्या भिंतीवर लक्ष्मी आणि सरस्वती येऊन बसल्या, आणि मध्यें पुजारी लागला नाहीं, दक्षिणा लागली नाहीं. हें लहान काम झालें काय? त्या तसबिरींतली गोष्ट मात्र पुराणाचीच राहिली. देवादिकांना नऊवारी नेसली, पण नऊवारी नेसून भात लावणारी चित्रांत आली नाहीं.

तिला आणि तिच्या धन्याला पडद्यावर आणलें तें कोल्हापुरच्या एका सुताराच्या पोरानें. बाबुराव पेंटर यांनीं कोणत्याही मोठ्या शाळेंत चित्रकला शिकलेली नव्हती. कॅमेराही त्यांनीं स्वतः खपून तयार केला होता, आणि पाठीशीं शाहू छत्रपतींचा आश्रय होता. मुळशीचा सत्याग्रह मोडल्याला वर्षही होत नाहीं तों १९२५ सालीं त्यांनीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. नारायण हरि आपट्यांची कथा, व तरुण शेतकऱ्याच्या कामास शांताराम. सावकाराच्या कागदांत जमीन जाते आणि शेतकरी शहरांत मजूर होतो, एवढीच गोष्ट. पडद्याला तेव्हां आवाज नव्हता, तरी तें चित्र मुकें नव्हतें, कारण जमीन कां गेली व कोणीं घेतली, हें त्यांत दाखविलेलें होतें. ज्यांना वाटतें कीं कारण सांगितलें म्हणजे कला बाटते आणि प्रचार होतो, त्यांनीं या मूकपटापुढें आपलें तत्त्व घासून पाहावें. जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्यें पुरा केला. त्यांत कुणब्याच्या घरादाराचें, खाण्यापिण्याचें, अंगावरच्या कपड्याचें जें वर्णन आहे तें कोणत्याही फोटोहून कमी रेखीव नाहीं. पण तें वर्णन करून जोतीराव हळहळत बसले नाहींत. ही दशा कोणीं आणली, तिकडे त्यांनीं बोट दाखविलें. हल्लींच्या प्रदर्शनांत दारिद्र्य तेवढें टांगतात. बोट दाखविण्याची वेळ आली म्हणजे मंडळी कॉफी प्यावयास जातात.

दुसऱ्यास शिव्या देऊन आम्ही मोकळे झालों, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. आमच्या माणसांनीं तरी काय दिवे लावले आहेत? आज घरटीं एक फोन आहे आणि फोनांत कॅमेरा आहे. जें यंत्र पूर्वीं साहेबाच्या व संस्थानिकाच्या हातीं असे तें आज गुराख्याच्या खिशांत आहे. त्यानें आम्ही काय काढतों? पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपलें तोंड पोस्टाच्या तिकिटाएवढें येण्याकरितां वर्गणी भरतों. मोटारीच्या कांचेवर शिवछत्रपति चिकटवितों. डोळ्यांत अंगार, दाढी टोंकदार. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याची ताकीद देणारा राजा त्या कांचेंत शोधूनही सांपडत नाहीं. आणि मावळा? तो चित्रांत असलाच तर घोड्याच्या शेंपटीमागें भाला धरून. आमचेच आजे-पणजे ते. आम्हांसच त्यांना पुढें ओढावेंसें वाटलें नाहीं. आमचे तरुण त्याच पाण्याकाठीं, त्याच रिकाम्या खुर्च्यांच्या पाटीपुढें उभे राहून हंसत फोटो काढतात. ज्याच्या पणजोबाची जमीन पाण्यांत गेली तो आज पाण्याकाठच्या बंगल्याचा रखवालदार आहे, असे आमचे जुने विद्यार्थी आहेत. बंगल्याच्या फोटोंत तो येत नाहीं. फोटो काढावयाच्या वेळीं त्यास बाजूस व्हावयास सांगतात.

आणि आमच्या म्हाताऱ्यांचे फोटो? आयुष्यांत एक किंवा दोन. रेशनकार्डाचा, मतदानाच्या ओळखपत्राचा. माणूस गेला म्हणजे पोरगा तोच बोटाएवढा फोटो घेऊन स्टुडिओंत जातो. स्टुडिओवाला तो मोठा करतो, सुरकुत्या पुसतो आणि कोट चढवितो. जन्मभर ज्याच्या अंगाला कोट लागला नाहीं तो मेल्यावर सुटाबुटांत भिंतीवर बसतो. त्यांत मुलाचें प्रेम आहे, आम्ही हंसत नाहीं. पण नातवानें विचारलें, आजा काय करीत होता, तर कोट काय सांगणार?

यास्तव आमच्या तालुक्यांतील बंधुभगिनींना आमची विनंति आहे. गांवांत कॅमेरा घेऊन कोणी आला तर त्यास हांकलूं नका. पाणी द्या, आणि विचारा, हा फोटो कोठें जाणार, खालीं काय लिहिणार, आमचें नांव घालणार कीं नाहीं, आणि एक प्रत घरीं येणार कीं नाहीं. प्रदर्शनें भरविणारांनीं कृपा करून ‘मौन’, ‘प्रतीक्षा’, ‘सुरकुती’ हे शब्द कांहीं वर्षें पेटींत कुलूप लावून ठेवावेत आणि त्या जागीं माणूस, गांव व सन लिहावें. एवढ्यानें कला मरत असेल तर ती जगून तरी कोणाच्या उपयोगाची? ग्रामसभांनींही हा विषय घ्यावा. गांवच्या पाण्याचें चित्र लावून जमिनी विकल्या जातात, तर त्या पाटीवर बुडालेल्या गांवांचीं नांवें असलींच पाहिजेत, अशी मागणी करण्यास कोणाची हरकत नसावी. हरकत आलीच तर ती कोणाची आली, तेंही एक कळेल.

शिक्षक बंधूंना थोडें ज्यास्त. सुटींत मुलांना निबंध देतां तो नका देऊं. घरांत असेल तो एक जुना फोटो काढावयास सांगा. लग्नांतला, जत्रेतला, कार्डावरचा, कसलाही. घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाशेजारीं तो घेऊन बसावें व विचारावें, हा कोण, कोठला, मागें दिसतें तें रान कोणाचें, तें आतां कोणाच्या नांवावर आहे, कसें गेलें. आमच्या शाळेंत आम्हीं हें केलें. मुलांनीं फोटो थोडे आणले, पण त्यांबरोबर आलेल्या हकीकतींनीं दोन वह्या भरल्या. त्यांत पाण्याखालच्या शेतांचीं नांवें आहेत, आंब्यांचीं नांवें आहेत, एका घरच्या बैलांचींही आहेत. एका मुलीनें फोटोच नाहीं म्हणून पाण्याच्या कॅलेंडरावर आजीनें दाखविलें तेथें तेथें बोटानें टिंबें काढून आणलीं आणि प्रत्येक टिंबाला घराचें नांव दिलें. तें कॅलेंडर आतां वर्गांत टांगलें आहे. त्याची किंमत आम्हीं कोठें लिहिलेली नाहीं.

फोटोच्या पाठीवर लिहावयाचें तें पेन्सिलीनें लिहावें, शाईनें नको. शाई पुढच्या अंगाला उमटते आणि ओल लागली कीं चेहऱ्यावर पसरते.